औषध तेच, पत्ता नवा

कोविडच्या साथीपासून 'इम्युनिटी' हा शब्द पार आपल्या मेसच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला. कोणी काढा पितो, कोणी गोळ्या घेतो, आणि सगळ्यांची समजूत एकच : प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली. कॅन्सरच्या उपचारांतला गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव मात्र वेगळंच सांगतो. प्रतिकारशक्ती किती वाढवली यापेक्षा ती नेमकी कुठे जागी केली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आणि तो सोडवायला डॉक्टरांच्या बरोबरीने इंजिनियर मंडळीही बसली आहेत. म्हणूनच हा विषय आपल्या अंकात.

सायटोकाइन म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते छोट्या छोट्या प्रथिनांमार्फत. रोगप्रतिकारक पेशींमधल्या अशा निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलाच एक म्हणजे इंटरल्युकिन-२, थोडक्यात आयएल-२. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. तो मिळाला की टी-पेशींची संख्या भराभर वाढते, आणि या टी-पेशीच कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारू शकतात.

मग सरळ हिशेब असा, की रुग्णाला भरपूर आयएल-२ द्या. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच केलं. १९९२ मध्ये पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी आणि १९९८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मेलानोमाच्या ज्या २७० रुग्णांच्या माहितीवर ही मंजुरी दिली गेली, त्यांपैकी १६ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि ६ टक्क्यांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. त्यातले बरेच जण पुढे वर्षानुवर्षे ठणठणीत राहिले. आकडा लहान वाटेल, पण पसरलेला मेलानोमा त्या काळी जवळजवळ असाध्यच होता.

घोडं कुठे पेंड खातं?

आयएल-२ चा रेणू लहान, सुमारे १५ हजार डाल्टनचा. किडनी त्याला झपाट्याने बाहेर काढते, म्हणून दर आठ तासांनी मोठा डोस द्यावा लागतो. एवढा डोस रक्तातून अंगभर फिरतो, रक्तवाहिन्या 'गळू' लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी साचतं. काही रुग्ण तर उपचारानेच दगावले.

समजा, हॉस्टेलच्या सी विंगमधल्या एका खोलीत आग लागली आणि रेक्टरसरांनी माइकवरून नुसतं ओरडून सांगितलं, "सगळे बादल्या घेऊन पळा!" जिने तुंबतील, धक्काबुक्की होईल आणि खोली तशीच जळत राहील. आवाज वाढवून काही उपयोग नाही, खोली नंबर सांगायला हवा.

दुसरी अडचण आणखी गमतीची. 'नियामक टी-पेशी' नावाच्या पेशी असतात. इतर पेशींना शांत बसवणं हे त्यांचं काम. त्यांच्या अंगावर आयएल-२ च्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) 'अल्फा' हा भाग भरपूर असतो. तो असला की आयएल-२ ची पकड जवळजवळ शंभरपट घट्ट होते. म्हणजे निरोप आधी पोहोचतो तो सैनिकांना आवरणाऱ्यांकडेच!

पत्ता लिहिणारी अँटीबॉडी

अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंड. आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा, वजन सुमारे दीड लाख डाल्टन. तिचे दोन हात एकाच ठरावीक लक्ष्याला धरतात. हव्या त्या लक्ष्याची अँटीबॉडी बनवण्याची पद्धत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता कल्पना सोपी आहे. अँटीबॉडीच्या जनुकाला आयएल-२ चं जनुक जोडायचं. पेशींच्या कारखान्यात, म्हणजे बायोरिॲक्टरमध्ये, एकसंध रेणू तयार होतो : एका टोकाला पत्ता, दुसऱ्या टोकाला निरोप. याला इम्युनोसायटोकाइन म्हणतात. उदाहरणार्थ, एल-१९ ही अँटीबॉडी फायब्रोनेक्टिनच्या अशा एका तुकड्याला धरते, जो गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्यांभोवती भरपूर सापडतो, पण मोठ्या माणसाच्या निरोगी ऊतींत क्वचितच.

खरी मेख इथे आहे

पत्ता चिकटवला की काम झालं, असंच बहुतेकांना वाटलं होतं. पण एमआयटीतले डेन विट्रप, जे मुळात केमिकल इंजिनियर, यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं की अँटीबॉडीचं लक्ष्य बदललं तरी रेणू कुठे जातो यात फारसा फरक पडत नाही. का? रक्तात शिरताक्षणी रेणूला भेटतात त्या प्रतिकारक पेशी, आणि त्यांना आयएल-२ ची बाजू घट्ट चिकटते. गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच रेणू वाटेत अडकतो. म्हणजे पाकिटावर पत्ता बरोबर, पण पोस्टमनलाच आतलं सामान जास्त प्यारं!

म्हणून उपाय उलटा निघाला : निरोप कमजोर करा. आयएल-२ मधली काही अमिनो आम्लं बदलून अल्फाला चिकटणारी जागाच मोडून टाकतात. आता सुटा आयएल-२ फार काही करू शकत नाही. पण अँटीबॉडीने एखाद्या पेशीला धरून ठेवलं, की तोच कमजोर हात तिथे पुन्हा पुन्हा लागतो आणि काम होतं. २०२२ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या प्रयोगांत अँटीबॉडीचं लक्ष्य होतं पीडी-१, म्हणजे लढून दमलेल्या टी-पेशींवरची खूण. पकड आणि निरोप दोन्ही एकाच पेशीवर. उंदरांमध्ये त्या थकलेल्या पेशींतून पुन्हा चांगले सैनिक तयार झाले.

माणसांत काय दिसलं?

नुसती अर्धी दुरुस्ती पुरत नाही, हेही दिसलं. अल्फाला टाळणारं, पण पत्ता नसलेलं बेम्पेगाल्डेसल्युकिन हे औषध २०२२ मध्ये मेलानोमाच्या मोठ्या चाचणीत नापास झालं. उलट जागेवरच दिलेल्या औषधांना यश आलं. एल-१९ ला आयएल-२ आणि टीएनएफ हे सायटोकाइन जोडून बनवलेली औषधजोडी शस्त्रक्रियेआधी थेट गाठीत टोचली, तेव्हा मेलानोमा परत न येण्याचा मध्यक काळ ६.९ महिन्यांवरून १६.७ महिन्यांवर गेला (२०२४). त्याच वर्षी अमेरिकेत मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आयएल-१५ वर आधारलेलं, मूत्राशयातच सोडायचं औषध मंजूर झालं. ७७ पैकी ६२ टक्के रुग्णांत कॅन्सर दिसेनासा झाला.

आता आपल्याकडे बघा. पकड किती घट्ट, रेणू किती मोठा, कुठे किती वेळ टिकेल, हे सगळे आपल्याच अभ्यासक्रमातले प्रश्न आहेत : रिॲक्शन कायनेटिक्स, मास ट्रान्स्फर, ऑप्टिमायझेशन. २०२३ मध्ये भारतात मंजूर झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातूनच उभी राहिली. तेव्हा बायोलॉजी बारावीनंतर सुटली म्हणून खूश होऊ नका!

आणि एक. पुढच्या वेळी कोणी 'इम्युनिटी वाढवणारी' बाटली विकायला आला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा : कोणत्या पेशींची? शरीरात कुठे? किती वेळ? कॅन्सरच्या रुग्णाच्या घरात तर हे प्रश्न आधी विचारायचे, आणि उत्तर घ्यायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच.