कंट्रोलर असताना आणखी एक स्विच कशाला?

प्रश्न : आमच्याकडे निकेल प्लेटिंगची पॉलिप्रॉपिलीनची टाकी आहे. हीटरला डिजिटल कंट्रोलर आहे, ५५ अंशांवर लावलेला, आणि तो तापमान नीट धरतो. तरी हीटरवाला म्हणतो, ओव्हर-टेम्परेचर स्विच वेगळा बसवा. तो ट्रिप झाला की हातानेच रीसेट करावा लागेल. रात्रपाळीला टाकीपाशी कोणी नसतं. एवढा खर्च खरंच करायला हवा का?
– एक वाचक, वाळूज

उत्तर : हो, करायलाच हवा. रात्री तिथे कोणी नसतं, म्हणून तर आधी करा.

कंट्रोलरला कळतं ते फक्त सेन्सरच्या टोकाशी असलेलं तापमान. बाष्पीभवनाने किंवा गळतीने टाकीतली पातळी उतरली की सेन्सर हवेत लटकतो. भोवतालची हवा ३० अंशांची, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी द्रावण गार झालं. तो हीटर चालूच ठेवतो. इकडे हीटरही उघडा पडलेला असतो. द्रावण जेवढी उष्णता ओढून घेत होतं तेवढी हवा घेऊ शकत नाही, आणि हीटरचं आवरण बघता बघता काहीशे अंशांवर जातं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, पुढे पेटतंही. प्लेटिंगच्या कारखान्यांत आगी लागण्याचं हे जुनं, ओळखीचं कारण आहे.

म्हणून दुसऱ्या स्विचचा सेन्सर द्रावणात सोडून भागत नाही. तो हीटरच्या अंगालाच हवा. पुष्कळ हीटरांत तशी सोय आवरणाच्या आतच केलेली असते. जोडीला पातळीचा फ्लोट स्विचही लावा, तो आणखी आधी सावध करतो.

वायरिंगमध्ये एक चूक मात्र सर्रास होते. नवा स्विच जुन्याच कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडून देतात. त्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड होऊन चिकटले, तर कॉइलची वीज तोडूनही हीटर बंद होत नाही. सॉलिड-स्टेट रिले असेल तर तोही बिघडताना बहुधा शॉर्टच होतो. कंट्रोलरवर ‘ऑफ’ दिसतं आणि टाकी तापतच राहते. तेव्हा या स्विचला स्वतःचा, वेगळा कॉन्टॅक्टर द्या. स्विचचा संपर्क तापमान वाढल्यावर उघडणारा घ्या, म्हणजे वायर तुटली तरी हीटर बंदच होईल. बल्ब आणि केशनळीचा स्विच घेणार असाल, तर नळी गळाल्यावर तो काय करतो ते विचारून घ्या. साध्या प्रकारात आतला दाब गेला की स्विचला सगळं गारच वाटतं आणि तो कधीच ट्रिप होत नाही.

आता हाताने रीसेट करण्याचं. आपोआप रीसेट होणारा स्विच हीटर गार झाला की पुन्हा वीज सोडतो. कोरडा हीटर असा रात्रभर चालू-बंद होत राहील आणि सकाळी कोणाला पत्ताही लागणार नाही. हाताने रीसेट करायचं म्हटलं की माणसाला टाकीपाशी जावं लागतं, पातळी बघावी लागते. रात्री ट्रिप झाला तर सकाळी द्रावण गार सापडेल, काम काही तास मागे पडेल. हे नुकसान सोसण्यासारखं आहे.

हीटरवाल्याला स्विच वर्षातून एकदा तरी तपासायला सांगा : बल्ब निघत असेल तर थर्मामीटरसोबत तेलात धरून तेल हळूहळू तापवायचं, आणि नेमका किती अंशांना ट्रिप होतो ते लिहून ठेवायचं. आणि माल अडलाय म्हणून कोणी या स्विचला जंपर मारला, तर जंपर निघेपर्यंत टाकीचा मेन स्विच बंद ठेवा.