लिपारीच्या उन्हाळी शाळेला जायचं, तर किती पैसे धरावेत?

सिसिलीच्या उत्तरेला लिपारी हे बेट आहे. संगणकीय जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा तिथे अनेक वर्षं भरत आली आहे. गणिती जेकब श्वार्ट्झ यांचं नाव तिला दिलेलं आहे. एमएस्सी, पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनी तिथे जरूर अर्ज करावा, पण निवड झाल्यावर नुसती फी बघून घरी आकडा सांगू नये. फीपेक्षा प्रवास महाग पडतो.

मुंबईहून जाऊन-येऊन विमानाचे 70-80 हजार रुपये धरूनच चला. उन्हाळा हा तिकडचा ऐन पर्यटनाचा हंगाम असतो. लिपारीवर विमानतळ नाही. कॅटानियाला उतरायचं, तिथून बसने मिलात्सो बंदर गाठायचं आणि पुढे जलद बोटीने साधारण तासाभराचा प्रवास. रात्री पोहोचणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण शेवटची बोट चुकली की मिलात्सोला हॉटेल घ्यावं लागतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. विमानतळापासूनची बस-बोट फीमध्ये धरली आहे का, खोली दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर वाटून मिळेल का, हे तिकीट काढण्याआधी आयोजकांना विचारून घ्या.

व्हिसाच्या बाबतीत अनेक विद्यार्थी विनाकारण पैसे भरतात. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या घरात आहे. पण शिक्षण किंवा प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शुल्क माफ असल्याचं शेंगेन व्हिसा संहितेतच, कलम 16 मध्ये, लिहिलेलं आहे. हा तुमचा हक्क आहे, तो मागायला संकोचू नका. अर्जात प्रवासाचं कारण ‘पर्यटन’ लिहिलंत, तर शुल्कमाफी मागायला आधार उरत नाही. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात तुमचं पूर्ण नाव, तारखा आणि हा अभ्यासक्रम असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. सोबत कॉलेजचं बोनाफाइड जोडा. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं असतं. 30 हजार युरो संरक्षणाचा प्रवासविमाही सक्तीचा आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, त्यामुळे निवडीचं पत्र हाती पडताच तारीख घ्या.

फी कार्डाने भरणार असाल, तर परकीय चलनातल्या व्यवहारावरचा बँकेचा मार्कअप विचारा. तो साडेतीन टक्के असेल, तर 50 हजारांवर 1,750 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315 असे 2,065 रुपये जास्तीचे जातात. मार्कअप न लावणारी कार्डंही मिळतात.

एवढं करूनही हिशेब लाख-दीड लाखाच्या पुढे जाऊ शकतो. त्यासाठी कर्ज काढावं, असं मला अजिबात वाटत नाही. इटलीतच त्रिएस्तेला भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये स्थापन केलेलं आयसीटीपी हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या शाळांना साधारणपणे नोंदणी फी नसते आणि विकसनशील देशांतल्या काही विद्यार्थ्यांना प्रवासखर्चही मिळतो. परिमाणात्मक जीवशास्त्राची आयसीटीपीची हिवाळी शाळा बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेबरोबर मिळून होते आणि बंगळुरूतही भरते. ती तिथे असेल त्या वर्षी पासपोर्टही लागत नाही. अर्जात आर्थिक मदतीचा रकाना असेल, तर तो रिकामा सोडू नका आणि मार्गदर्शकांचं शिफारसपत्र मुदतीच्या आधीच पोहोचेल, एवढं बघा.