अधिष्ठान म्हणजे रेटणे नव्हे



मायस्थेनिया ग्रॅव्हिस हे नाव तुम्ही अमिताभ बच्चन यांच्या आजारपणामुळे ऐकले असेल. दोन वर्षांपूर्वी तो आजार मला झाला. यात शरीराचीच प्रतिपिंडे मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश अडवतात. स्नायू वापरला की थकतो, विश्रांतीने थोडा सावरतो. आधी माझी डावी पापणी खाली आली, मग एकाची दोन अक्षरे दिसू लागली. आता जेवताना जबडा थकतो. उष्णतेने अशक्तपणा वाढतो, म्हणून इथल्या उन्हाळ्यात पार्किंगपासून ऑफिसपर्यंतची पावलेही मोजावी लागतात.

गावाकडून फोनवर प्रश्न आला, "मागच्या जन्मीचे काही असेल का?" याचे उत्तर संयुक्त निकायातील सीवक सुत्तात आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा कारणांनीही वेदना होतात. सारे काही पूर्वकर्माचे फळ मानणे चूक आहे, असे भगवान सांगतात. बाबासाहेबांनीही गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. म्हणून रुग्णाला दोष देऊ नका, त्याला डॉक्टरांकडे न्या.

सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा आपणच मनाला मारून घेतलेला. माझा दुसरा बाण होता लपवाछपवीचा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचा आणि जिना चढताना मुलीने पुढे केलेला हात नाकारायचा.

यूएईमध्ये २०१७ पासून दिव्यांगांना अधिकृतपणे 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतात. दहा पारमितांतील अधिष्ठान म्हणजे हाच दृढ निश्चय. दातओठ खाऊन रेटणे म्हणजे अधिष्ठान, असे मी समजत होतो. पण या आजारात रेटले की उरलेली ताकदही जाते.

१९५६ मधले बाबासाहेब आठवा. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय साथ देत नव्हते, चालताना आधार लागत होता. तरी १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ला चंद्रपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडू! त्यांनी आधार घेतला, ध्येय मात्र सोडले नाही. अधिष्ठान ध्येयाचे असते, एकट्याने चालण्याचे नसते.

या महिन्याचा अभ्यास

१. अवघड काम औषधाचा असर असतानाच करा. थकण्यापूर्वी थांबा.

२. आनापान पाठ टेकून किंवा पडूनही करता येते. "हात थकला" एवढेच पाहा; "माझे सगळे संपले" हा दुसरा बाण आहे.

३. काही अँटिबायोटिक्सनी हा आजार बळावतो. कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना आजाराचे नाव सांगा.

४. गिळता येईना, श्वास अपुरा पडू लागला, तर वाट पाहू नका. ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा. हा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असू द्या.

५. आजारी नसाल तर वंदनेला न येणाऱ्या एखाद्या बांधवाला फोन करा. "कसे आहात?" एवढ्यावर न थांबता "गाडी घेऊन कधी येऊ?" असे विचारा.

मागच्या शुक्रवारी मी मुलीचा हात धरून वंदनेला आलो. जिना तोच होता, बाण एकच होता.

भवतु सब्ब मंगलं!