मीटर म्हणतो १२, स्कोप म्हणतो ३४

प्रश्न : दारव्ह्याला (जि. यवतमाळ) माझं इन्व्हर्टर-स्टॅबिलायझर दुरुस्तीचं दुकान आहे. नुकताच जुना ऑसिलोस्कोप घेतला. ट्रान्सफॉर्मरवर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, स्कोपवर ३४ येतात. स्कोप बिघडलाय का?

उत्तर : नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. मीटर आरएमएस, म्हणजे कामाला येणारा दाब सांगतो. स्कोप लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची दाखवतो. ३४चे निम्मे १७, त्याला १.४१४ने भागा, १२ येतील. घरातल्या २३० व्होल्टचं शिखरही असंच ३२५ला पोचतं.

मात्र हा हिशेब साइन लाटेपुरताच. इन्व्हर्टरच्या निखळ चौकोनी लाटेत शिखर आणि आरएमएस एकच असतात, आणि ट्रू आरएमएस नसलेला मीटर तिथे सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो. गिऱ्हाइकाला आकडा सांगण्याआधी लाटेचा आकार बघाच.

वेळ चौकटी मोजून काढा. नॉब ५ मिलिसेकंदांवर असताना एक पूर्ण लाट चार चौकटींत बसली, तर २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्‌झ. ३४ऐवजी ३.४ दिसले, तर प्रोबवरचं बटण १०एक्सवर आहे का बघा.

एक कळकळीची विनंती : प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती मेनच्या किंवा इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या कुठल्याही तारेला लावू नका. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालूनच लाट बघा. स्कोपची अर्थिंगची पिन तर कधीच कापू नका.