घरी बांधलेल्या सीएनसी यंत्रातील लिमिट स्विच : दोष कसा शोधावा?

आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाला खोलीत कोठेही उभे करून ‘दहा पावले पुढे जा’ असे सांगितले, तर तो दहा पावले बिनचूक मोजील. परंतु आपण कोठे पोहोचलो, हे त्याला सांगता यावयाचे नाही. कारण आरंभ कोठून केला, हेच त्यास ठाऊक नसते. त्याने आधी चाचपडत जाऊन भिंतीला हात लावला आणि तेथून पावले मोजली, तर मात्र खोलीतील प्रत्येक जागा त्याला सापडेल.

अंकांच्या आज्ञेने चालणारे यंत्र, म्हणजेच सीएनसी यंत्र, पुष्कळ अंशी ह्या मुलासारखे असते. अंकांनी चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेने १९५२ साली करून दाखविले. आज तेच तत्त्व तळहाताएवढ्या अर्डुइनो उनो पाटीवर सामावते, आणि लाकूड कोरणारे असे यंत्र विद्यार्थीही बांधू शकतात. त्यासाठी जीआरबीएल नावाची आज्ञावली पुष्कळ जण वापरतात. सिमेन स्वाले स्कॉगस्रुड ह्यांनी तिचा आरंभ २००९ साली केला. प्रस्तुत पाठात तिची १.१ ही आवृत्ती गृहीत धरली आहे.

स्विचाचे प्रयोजन

अशा यंत्रातील स्टेपर मोटर एका फेऱ्यात बहुधा २०० पावले टाकते. स्क्रूच्या एका फेऱ्यात गाडा ८ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलास ०.०४ मिलिमीटर अंतर पडते. मोटर पावले टाकते, पण ती खरोखर पडली की नाही, हे पाहणारा डोळा तिला नसतो. म्हणून वीज सुरू केल्यावर यंत्राने प्रत्येक दिशेला एकदा ‘भिंतीला हात’ लावावा लागतो. ह्या क्रियेस होमिंग म्हणतात, आणि भिंतीचे काम लिमिट स्विच करतो. गाडा प्रथम वेगाने स्विचाकडे जातो, स्विच दाबला जाताच थांबतो, किंचित मागे सरतो, मग सावकाश पुन्हा स्पर्श करून ते स्थान निश्चित करतो आणि अखेर थोडा दूर होऊन उभा राहतो.

ह्याच स्विचाचे दुसरे काम पहाऱ्याचे आहे. कोरकाम चालू असता गाडा चुकून टोकाला गेला, तर स्विच दाबला जातो व यंत्र तत्काळ थांबते. अर्थात स्विच बिघडला, तर स्थानाचे ज्ञान आणि संरक्षण ही दोन्ही एकदमच नाहीशी होतात.

जोडणी कोणती असावी?

साध्या मायक्रोस्विचाला तीन टोके असतात : कॉम, एनओ आणि एनसी. कॉम व एनओ जोडल्यास स्विच दाबल्यावर मंडल जुळते. कॉम व एनसी जोडल्यास ते एरवी जुळलेले असते आणि दाबल्यावर तुटते. दोन्ही जोडण्यांनी यंत्र चालते. मात्र तार तुटली म्हणजे दोहोंतील भेद उघड होतो. एनओ जोडणीत तुटलेली तार आणि न दाबलेला स्विच ह्यांत यंत्रास काहीच फरक दिसत नाही. पहारेकरी मेला तरी सर्व क्षेम असल्याचाच भास होतो. एनसी जोडणीत मात्र तार तुटताच स्विच दाबल्याप्रमाणे इशारा मिळतो व यंत्र थांबते. स्वतःचा दोष जी स्वतः सांगते, ती जोडणी श्रेष्ठ होय. एनसी जोडणी केल्यावर आज्ञावलीतील $५ ह्या नोंदीचे मूल्य ० ऐवजी १ करावे लागते.

परीक्षेचा क्रम

होमिंग बिघडले की नवशिका मनुष्य एकामागून एक नोंदी बदलू लागतो, आणि अखेर मूळ दोष कोणता व आपण घातलेला कोणता, हे त्यालाच उमगत नाही. म्हणून पुढील क्रम सोडू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिली पायरी : वीज बंद ठेवून. स्विचाच्या तारा पाटीवरून सोडवाव्यात व मल्टिमीटरने त्यांचा रोध मोजावा. एनसी जोडणीत तो शून्याजवळ असावा आणि स्विच दाबताच मंडल तुटावे. मीटर पाहत असताना तार संपूर्ण लांबीभर हलवून पाहावी. गाड्याबरोबर सतत वाकणारी तार आतून तुटलेली असली, तर काटा वा आकडा येथेच थरथरतो. स्विचाच्या पट्टीखाली भुसा साचला आहे काय, आणि गाडा पट्टीपर्यंत खरोखर पोहोचतो काय, हेही डोळ्यांनी पाहावे.

दुसरी पायरी : वीज सुरू, पण गाडा स्थिर. तारा पुन्हा जोडून यंत्रास ‘?’ हे चिन्ह पाठवावे. येणाऱ्या उत्तरात ‘पीएन’ ह्या अक्षरांपुढे ज्या अक्षाचा स्विच दाबलेला असेल, त्याचे अक्षर उमटते. प्रत्येक स्विच बोटाने दाबून तेच अक्षर येते की नाही, हे ताडून पाहावे. काहीही न दाबता तिन्ही अक्षरे दिसत असतील, तर $५ ची नोंद जोडणीच्या उलट आहे. केवळ झेड अक्षाचा स्विच मुका राहिला, तर पाटीवर बसविलेल्या जोडफळीकडे संशयाने पाहावे. काही प्रचलित जोडफळ्यांवर झेडच्या स्विचाची जागा ११ क्रमांकाच्या पिनेस जोडलेली असते; पण आज्ञावलीच्या १.१ आवृत्तीत ११ क्रमांकाची पिन कोरणीचा वेग ठरविण्यासाठी घेतली असून झेडचा स्विच १२ क्रमांकावर वाचला जातो. येथे स्विचही चांगला, तारही चांगली. केवळ पत्ता बदललेला असतो.

तिसरी पायरी : दिशा. गाडा मधोमध आणून, एक हात वीज तोडणाऱ्या बटणावर ठेवून, ‘$एच’ ही होमिंगची आज्ञा द्यावी. ही दक्षता अवश्य घ्यावी. कारण होमिंग चालू असता टोकावरील पहारा आज्ञावलीने तात्पुरता उठविलेला असतो. गाडा स्विचापासून दूर जाऊ लागला, तर लगेच वीज तोडून $२३ ही दिशेची नोंद बदलावी. अक्षाच्या दोन्ही टोकांचे स्विच एकाच पिनेवर जोडलेले असतील, तर चुकीच्या टोकासही यंत्र घर समजून बसते.

चौथी पायरी : अंतर. गाडा योग्य दिशेने जातो, पण वाटेतच थांबून ९ क्रमांकाचा इशारा देतो, असे झाल्यास स्विचाला दोष देऊ नये. यंत्र प्रत्येक अक्षाच्या कमाल प्रवासाच्या दीडपट अंतरापर्यंतच स्विच शोधते. हा प्रवास $१३० ते $१३२ ह्या नोंदींत असतो, व तेथे आरंभी २०० मिलिमीटर लिहिलेले असतात; म्हणजे शोध ३०० मिलिमीटरवर संपतो. ६०० मिलिमीटर लांबीच्या यंत्रात दूरच्या टोकाकडून निघालेला गाडा म्हणूनच अर्ध्यावर थांबतो. ह्याउलट ८ क्रमांकाचा इशारा आला, तर गाडा मागे सरूनही स्विच मोकळा झाला नाही, असे समजावे. $२७ मधील १ मिलिमीटर हे अंतर वाढवून २ किंवा ३ करावे. सैल किंवा अडकलेली पट्टीही तपासावी.

खोटा इशारा

वरील सर्व ठीक असूनही, कोरणी फिरू लागताच कोणीही स्विच न दाबता यंत्र थांबते, हा दोष सर्वांत अधिक छळतो. त्याचे कारण विजेच्या गोंगाटात असते. पाटीच्या आतील रोध २० ते ५० किलोओहम असतो. ५ व्होल्टवर त्यातून केवळ ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एनओ जोडणीत स्विच मोकळा असता तार एवढ्याशा प्रवाहाच्या आधारावर लोंबकळत असते, आणि शेजारच्या मोटरीच्या तारेतील धक्का तिला सहज हलवितो. एनसी जोडणीत तीच तार स्विचामधून थेट शून्य व्होल्टास बांधलेली असल्यामुळे अधिक स्थिर राहते.

येथे एक साधा प्रयोग करावा. स्विचाची तार पाटीवरून काढून, एनसी जोडणी असल्यास, त्या जागी वीतभरही नसलेला तारेचा तुकडा लावावा व गाडा स्थिर ठेवून कोरणी सुरू करावी. इशारा थांबला, तर लांब तारच गोंगाट पकडीत होती. न थांबला, तर तो वीजपुरवठ्याच्या वाटेने येत आहे. तार दोषी ठरल्यास ती मोटरीच्या तारांपासून वेगळी न्यावी, शील्ड असलेली केबल घेऊन तिचे शील्ड एकाच टोकास अर्थ करावे, आणि पिनेपाशी १० किलोओहमचा रोधक ५ व्होल्टास व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शून्यास जोडावा. त्यायोगे एका मिलिसेकंदाहून पुष्कळ लहान असलेले धक्के गाळले जातात. $२६ ची नोंद वाढविल्याने हा दोष जात नाही. ती केवळ होमिंगच्या वेळची थांबण्याची मुदत होय.

न करावयाची गोष्ट

खोट्या इशाऱ्यांनी कंटाळून कित्येक जण $२१ चे मूल्य ० करतात, म्हणजे पहाराच काढून टाकतात. ‘लांडगा आला रे आला’ ह्या गोष्टीतील गावकऱ्यांनी हेच केले होते. त्या दिवसापासून यंत्र निमूट चालते, आणि पुढे कधीतरी गाडा टोकास धडकतो, स्क्रू वाकतो किंवा कोरणीचे पाते तुटून उडते. खोटा इशारा हा दोष आहे. पण त्यावर उपाय इशाऱ्याचे कारण शोधणे हा आहे, कान बंद करणे हा नव्हे.

हेही ध्यानी असावे की खरा इशारा आल्यावर यंत्र पावलांच्या मध्येच थांबते व आपले स्थान गमावते. म्हणून केवळ कुलूप उघडून काम पुढे चालू करू नये. होमिंग पुन्हा करावे. तसेच लिमिट स्विच म्हणजे संकटकाळचे बटण नव्हे. भिंतीवरील सॉकेटमधून थेट वीज घेणारी कोरणी गाडा थांबला तरी फिरतच राहते. तिची आणि मोटरींची वीज एकदम तोडणारे लाल बटण हाताशी निराळे हवेच.

स्वाध्याय

१. एनसी जोडणीतील तार तुटल्यास यंत्र काय करील? एनओ जोडणीत काय होईल?
२. एका अक्षाचा प्रवास ४५० मिलिमीटर नोंदविला असता होमिंगचा शोध किती अंतरावर संपेल?
३. दहा वेळा होमिंग करून प्रत्येक वेळी गाड्याचे स्थान डायल गेजने मोजा. वाचने ०.०४ मिलिमीटरहून अधिक बदलत असतील, तर दोष प्रथम कोठे शोधाल, ते सकारण लिहा.