अनोळखी पडदा

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कळमेश्वर हे तालुक्याचे गाव आहे. एका अंगास संत्र्यांच्या बागा, दुसऱ्या अंगास कारखाने. मुलांनो, तेथील एखाद्या शाळेत आपण मनाने जाऊ या. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस आहे. संगणकाचा पडदा ऐन वेळी बिघडला, म्हणून गुरुजींनी कपाटातील जुना पडदा काढून जोडला. यंत्राची घरघर सुरू झाली, परंतु पडदा काळाच! क्षणभर एक ओळ उमटली, की येणारा संकेत मर्यादेबाहेरचा आहे; मग तीही मावळली. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

असे का व्हावे? पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळी होत. किती ठिपके, किती ओळी आणि सेकंदास किती वेळा चित्र काढावयाचे, हे संगणक व पडदा या दोघांनाही मान्य असावे लागते. त्यासाठी प्रत्येक पडद्याच्या पोटात त्याची कुंडली लिहून ठेवलेली असते. १९९४ साली ठरलेल्या नमुन्याप्रमाणे ती अवघ्या १२८ बाइटांची असते. संगणक ती वाचतो आणि साजेसे चित्र पाठवितो. व्हीजीए तारेच्या पंधरा टाचण्यांपैकी बारावी व पंधरावी या कुंडलीच्या कामी येतात. त्यांतील एक जरी वाकली तरी ओळख पटत नाही. चित्राच्या टाचण्या मात्र शाबूत असतात. आपल्या शाळेत हेच झाले होते. नव्या पडद्याची ओळख न पटल्यामुळे संगणक जुन्याच्याच सवयीने मोठे चित्र पाठवीत राहिला.

ओळख पटली नाही तर काय पाठवावे? आपल्या विदर्भात अनोळखी पाहुणा जेवावयास आला, तर त्याच्यापुढे एकदम झणझणीत सावजी रस्सा कोणी ठेवीत नाही. आधी वरणभात वाढतात व ठेचा बाजूस ठेवतात. पाहुणा तिखट खाणारा असेल तर मागून घेईल. नसेल तर निदान उपाशी उठणार नाही.

संगणकाच्या जगातील हा वरणभात म्हणजे आडवे ६४० व उभे ४८० ठिपके, सेकंदास सुमारे ६० वेळा. १९८७ साली आयबीएम कंपनीने आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए पद्धत आणली, तिच्यातील हे माप. पुढे एचडीएमआय जोडणीच्या नियमांतही प्रत्येक पडद्याला हे चित्र दाखविता आलेच पाहिजे, असे ठरले. पूर्वीच्या काचनळीच्या काही पडद्यांना भलत्याच वेगाचा संकेत दिला तर आतील मंडल जळण्याचीही भीती असे. आज ती भीती फारशी उरलेली नाही, पण अंधाराची आहे. आणि अंधारात चूक दुरुस्त करण्याची जागाच दिसत नाही, ही खरी अडचण होय.

मग सदैव लहान चित्रच पाठवावे काय? तेही सोयीचे नाही. ४८० ओळींत आजच्या खिडक्या मावत नाहीत. ‘सादर करा’ हे बटण नेमके तळाखाली दडते. म्हणून लिनक्सच्या कर्त्यांनी मधला मार्ग काढला. पडदा जोडलेला आहे पण कुंडली वाचता येत नाही, अशा वेळी तेथे १०२४ गुणिले ७६८ पर्यंतची मापे पुढे केली जातात. रुंद पडद्यावर हे चित्र बहुधा ताणले जाते. वर्तुळ लंबगोल दिसते, महाराष्ट्राचा नकाशा थोडा स्थूल होतो. माझ्या मते हा तोटा पत्करण्याजोगा आहे. विंडोजने आणखी एक शहाणपण केले आहे. तेथे माप बदलले की ‘हे ठेवू का?’ असे विचारले जाते, आणि पंधरा सेकंदांत होकार न आल्यास जुने माप आपोआप परत येते. ज्याला काहीच दिसत नाही, तो होकार कसा देणार?

इकडे गुरुजींनी संगणक कमी ठिपक्यांच्या चित्राने पुन्हा सुरू केला. अक्षरे ढोबळ दिसली, पण दिसली. मग एका मुलीने माप एक पायरी वाढविले. चित्र टिकले आणि अर्जाच्या तळाचे बटणही दिसू लागले. गुरुजी म्हणाले, “आता आधी अर्ज पाठव, टाचणी मागाहून सरळ करू.”

अभ्यास : ६४० गुणिले ४८० मापाच्या चित्रात एकूण ठिपके किती? १०२४ गुणिले ७६८ मापाच्या चित्रात त्याच्या किती पट होतात?