खाऱ्या वाऱ्याचा उन्हाळा

चि. भाच्यास,



मुंबईत माठातलं पाणी गार होत नाही, कूलर लावला की खोली चिकचिकते आणि रात्री उशी ओली होते, हे तुझ्या आईकडून कळलं. नागपूरची मुलं नोकरीसाठी तिकडे गेली की पहिल्याच मार्चमध्ये हीच तक्रार करतात. घरचा उन्हाळा सामानाबरोबर नेता येत नाही. जिथे राहायला जावं तिथला नव्याने शिकावा लागतो, आणि तो शिकला की त्यातली सुखं आपोआप हाताशी येतात. ती कोणती, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी माठाचं. माठ पाणी गार करतो ते थोडं पाणी गमावून. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरून ओल धरते आणि ती ओल सुकताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटरच्या माठातलं वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी उडून गेलं, तर उरलेलं पाणी हिशेबाने आठ-नऊ अंशांनी थंड व्हावं. बाहेरची धग आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पण ओल सुकायला हवा कोरडी लागते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ वर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असली, की वाऱ्यावर टांगलेलं ओलं फडकं साधारण २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तेच फडकं २७-२८ च्या खाली जात नाही. कूलर, वाळ्याची ताटी, अंगावरचा घाम, सगळ्यांना हाच नियम.

विदर्भातल्या घरांनी आपली सगळी उन्हाळी सुखं या कोरड्या हवेवर उभी केली आहेत. सकाळी नऊच्या आत कामं उरकायची, दारं-खिडक्या लावून पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत बादल्या ओतायच्या. पहिला झोत वाळ्याचा वास घेऊन येतो आणि घरातली माणसं जिथे असतील तिथे दोन क्षण थांबतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, तापलेली फरशी वाफ सोडते, नऊनंतर तिथे गाद्या पडतात. कुरडया सकाळी घातल्या की सूर्यास्तापर्यंत कडकडीत. बाजारात बैगनफल्लीचे ढीग लागले, की घरोघरी रस आणि सरगुंडे. हे सगळं तुझ्या अंगवळणी पडलेलं आहे, म्हणूनच मुंबईत त्याची उणीव जाणवते. ती जाणवू दे. मात्र तिथल्या लोकांकडे बघ: तेही उन्हाळा आला की खुलतात, फक्त वेगळ्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट खिडकीची. नागपूरकर दुपारी खिडकी बंद करतो, मुंबईकराने पश्चिमेची खिडकी दुपारीच उघडावी. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. साधारण दुपारच्या सुमाराला तो सुरू होतो. जुन्या चाळींतल्या बायका दुपारची आवराआवर झाली की गॅलरीत निवडण-टिपण घेऊन बसतात, त्या याच वाऱ्यासाठी. मुंबईचा पारा मे महिन्यातही बहुधा ३३-३४ अंशांवर अडतो, तोही त्याच्याच जोरावर. मार्चमध्ये मात्र कधी कधी पूर्वेकडचे जमिनीवरचे वारे जोर करतात, खारा वारा उशिरा येतो आणि मग शहर होरपळतं. २८ मार्च १९५६ रोजी मुंबईत ४१.७ अंश नोंदले गेले होते. म्हणजे मुंबईत मार्चचा एखादा दिवस मेपेक्षा कडक निघू शकतो. असा दिवस आला तर नागपूरची रीत वापर: खिडक्या बंद, पडदे ओढलेले. एरवी वाऱ्याला वाट मोकळी ठेव. तुझ्या खोलीत कपाट पश्चिमेच्या खिडकीला लागून ठेवलंय असं कळलं. ते आधी हलव.

रात्रीची तऱ्हाही वेगळी. नागपूरची रात्र निवते, मुंबईची फारशी निवत नाही. म्हणून तिथली माणसं गच्चीऐवजी पाण्याकडे जातात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, गिरगाव आणि दादरच्या चौपाटीवर, वरळीला, जुहूला रात्री अकरा वाजतादेखील आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं बसलेली दिसतात. चार पैसे खर्च न करता तासभर बसायची इतकी मोठी जागा दुसऱ्या कुठल्या शहराकडे क्वचितच असेल. दिवसभराच्या दगदगीनंतर लोकलने घरी जाऊन पुन्हा बाहेर पडणं जिवावर येतं हे खरं. पण आठवड्यातून एकदा तरी खोलीवरच्या मित्रांना घेऊन जा. पंख्याखाली मोबाइल बघत घामाने भिजण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

चौपाटीवर बर्फाचा गोळा खाशीलच. या शहराला बर्फाची ओढ जुनी आहे. बर्फाची यंत्रं आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, १८३४ साली, अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजाने मुंबईत आला होता. भुशात गुंडाळलेल्या त्या लाद्या आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन् महिने समुद्रावर काढून तिथे पोहोचत, आणि त्या साठवायला शहरात बर्फघर बांधलेलं होतं. ज्या हवेत माठ पुरा पडत नाही, तिथे लोक गारव्यासाठी किती लांब हात पसरतात ते यातून कळतं.

आता खरं सुख, खाण्यापिण्याचं. इथे किनाऱ्याचा हात धरणारा कुणी नाही, हे नागपूरचा अभिमान बाळगूनही कबूल करायला हवं.

मार्च लागला की पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांबाहेर ताडगोळेवाले बसू लागतात. माल वसई, पालघर, डहाणू पट्ट्यातला. ताडाची नर आणि मादी झाडं वेगळी, फळं फक्त मादीला, आणि ती उंच सरळ खोडाच्या शेंड्याला. तिथवर चढून घड कापणं हे जोखमीचं काम आहे. फळ जांभळट काळं, नारळाहून लहान. विक्रेता कोयत्याने वरचा भाग छाटतो तेव्हा आत बहुतेक वेळा तीन कप्पे दिसतात आणि प्रत्येकात एक गोळा. त्याच्यावर पातळ, पिवळसर तपकिरी साल असते. ती नखाने सोलावी, घाई करू नये, कारण गोळा फुटला तर आतलं गोड पाणी मनगटावरून ओघळतं. कोवळा गोळा बोटाने दाबला की लवतो आणि प्रकाशात धरला तर आरपार दुधी दिसतो. निबर झालेला पांढराफटक आणि चिवट. घेताना एक हातात धरून बघ, विक्रेते नाही म्हणत नाहीत. आणि त्याच दिवशी संपव, उद्यासाठी ठेवायची ही वस्तू नव्हे. डझनामागे पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नकोस. झाडावर चढलेल्या माणसाला त्यातलं किती मिळतं याचा विचार केलास तर घासाघीस करवणारही नाही.

कसारा आणि कर्जतकडच्या गाड्यांत एप्रिल-मेमध्ये करवंदं येतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका पहाटे रानात जाऊन काटेरी जाळीतून ती तोडतात आणि पानांच्या द्रोणात विकतात. बोटांना चीक लागतो, जीभ जांभळी होते. कॉलेजातल्या मुली द्रोण मध्ये धरून आतून कुणाचं लाल निघतं आणि कुणाचं पांढरं यावर पैजा लावतात. गाडीभर तेवढा वेळ गर्दीचं कुणाला काही वाटेनासं होतं.

पण एकच गोष्ट शिकायची तर कोकम शीक. किनाऱ्यावरच्या घामाला किनाऱ्यानेच शोधलेला तो उतारा आहे. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि कोकमाच्या बहुतेक पेयांत दोन्ही भरून निघतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात एप्रिलपासून झाडं लाल फळांनी लगडतात. फळ फोडून बिया आणि गर काढतात, साली उन्हात टाकतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या साली बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, रंग काळपट होईपर्यंत. हे झालं आमसूल. खारवलेला रस गाळून बाटलीत भरला की आगळ. ताज्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की आपोआप पाक सुटतो, ते सरबत. बियांपासून निघणारं तूप थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात, म्हणजे फेकायला काही उरत नाही. बरीचशी फळं मेच्या अखेरीस पिकतात आणि वळीव लवकर आला तर झाडावरचा माल हातचा जातो. त्यामुळे त्या दिवसांत कोकणातली घरं आकाशाकडे डोळे लावून असतात, अंगणात साली पसरलेल्या असल्या की दुपारी डोळासुद्धा लावत नाहीत.

खोलीवर एक आगळाची बाटली ठेव. दोन चमचे आगळ, पेलाभर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ आगळात असतंच, वर घालू नकोस. रविवारी वेळ असला तर नारळाच्या दुधात घालून सोलकढी कर. तयार लालभडक सरबत घेण्याआधी बाटलीवर घटक वाच. त्यात कोकमाआधी रंगाचं नाव आलं तर परत ठेव.

हापूसबद्दल मुंबईत सगळेच सल्ला देतील, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारीतल्या पेटीची मिरवणूक श्रीमंतांना करू दे. मेमध्ये आवक वाढते, भाव उतरतो आणि फळही भरात असतं. २०१८ पासून हापूस हे नाव रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याचं भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पेटीवर जिल्हा विचारून घे. वरून देखणा दिसणारा हापूस आत साका धरून बसलेला असू शकतो, त्यात विक्रेत्याचा दोष नसतो. रसासाठी पायरी जास्त चांगला, आणि स्वस्तही.

मोगऱ्याचं आईला सांगू नकोस, पण तो तुझ्याइतका कुणालाच आवडत नाही हे मामाला ठाऊक आहे. दादरच्या फुलबाजारात तो पहाटे किलोने विकला जातो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, विक्रमगडकडचे आदिवासी शेतकरी कळ्या अंधारात खुडतात, कारण उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. मूठभर मिटलेल्या कळ्या आण, ओल्या फडक्यात ठेव आणि संध्याकाळी पाण्याच्या भांड्यात सोड. वाळ्याची जुडी फेकून दिली नसशील तर तीही पाण्यात टाक. तिथे ती पाणी फार गार करणार नाही, पण वास तोच देईल.

येता-जाता वर बघायची सवय लाव. मुंबईच्या रस्त्यांवर एप्रिलमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात आणि त्याच सुमाराला तामण जांभळा होतो. तामणाचं फूल हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण त्याखालून रोज जाणाऱ्या कितीतरी माणसांना ते ओळखता येत नाही. तू ओळख, आणि खोलीवरच्या मुलांनाही दाखव.

मेच्या शेवटच्या पंधरवड्यात आगरी-कोळी घरांत आगोटीची धांदल असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून पावसाळ्याची बेगमी त्याआधी करून ठेवायची. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा इथे बांबूंच्या मांडवावर बोंबील दोऱ्यांना टांगून वाळवलेले असतात. बाजारात कोळणींपुढे सुके बोंबील, सोडे, जवळा यांचे ढीग, आणि भोवती तासन् तास निवडणाऱ्या, हसणाऱ्या, एकमेकींना भाव सांगणाऱ्या बायका. एका रविवारी मुद्दाम सकाळी लवकर जा. सोडे घेताना हातात चोळून बघ: चांगले असतील तर कोरडे आणि गुलाबीसर असतात, ओलसर लागले तर टिकणार नाहीत. तुझ्या मामीने अर्धा किलो मागितले आहेत, शिवाय पावशेर आमसूल. जूनमध्ये सुट्टी मिळाली तर दोन्ही डब्यात घट्ट बंद करून आण. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण मात्र आत्ताच बघ, नंतर मिळायचं नाही.

तुझा,
मामा